पंगतीतलं मीठ

"...पण अक्का, इंटरनेटची लाइन एक आणि ओढणारी माणसं इतकी, मग आधी हक्क कुणाचा?"

गोदाक्का तांदळातले खडे निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

नदीकाठच्या त्या लहानशा मठात अक्कांचा शब्द शेवटचा. हेरंब शहरातून आलेला, नेटवर्कचा इंजिनियर, मनःशांतीसाठी मुक्कामाला राहिलेला. येताना शांती काही त्याला आणता आली नव्हती, राउटर मात्र आणला होता. मठात इंटरनेट आलं ते त्याच्यामुळे, आणि हे तो कुणाला विसरू देत नव्हता.

"दामूअण्णांना रविवारी बंद ठेवायला सांगा," तो म्हणाला. दामूअण्णा मठाचे कारभारी. कीर्तनांची रेकॉर्डिंगं इंटरनेटवर चढवायचं वेड त्यांना म्हातारपणी लागलं होतं. "त्यांचं एक कीर्तन चढायला लागलं की सगळी लाइन तुंबते. त्यांना सोमवार आहे की."

"आणि रविवारी तुझं काय असतं?"

हेरंबनं सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"माझी लेक," तो शेवटी म्हणाला. "जुई. तिच्या आईबरोबर हॉलंडला असते. रविवारी दुपारी तिचा फोन येतो. आठवड्यात तेवढाच."

अक्कांची बोटं तांदळात थांबली.

"मी काहीतरी गंमत सांगतो, अक्का. ती हसते, पण तिचं हसू इथं पोचेपर्यंत मी पुढचं बोलायला लागलेला असतो. मग दोघं एकदम बोलतो आणि दोघं एकदम थांबतो. 'तू बोल.' 'नाही बाबा, तू बोल.' यातच वेळ संपतो. तिचं हसू वेळेवर ऐकून वर्ष झालं असेल."

"तुझा तो राउटरचा डबा काय करतोय मग?"

डब्याचं नाव निघताच हेरंबची मान पुन्हा ताठ झाली.

"डबा एक नंबर आहे. त्यात मोठ्यात मोठी साठवण करून घेतलीय मी. कितीही येऊ दे, तो काही टाकून देत नाही. सगळं रांगेत धरून ठेवतो. एक शब्द वाया जाऊ देत नाही!"

"असं व्हय..." अक्का म्हणाल्या. त्यांनी सूप झटकलं. "आज पंगतीला तू वाढ."

वाढपी ओळखीचा असला की पंगतीच्या टोकाला बसलं तरी चालतं, असं म्हणतात. अक्का मुद्दाम टोकाला बसल्या.

पानं मांडली होती. मीठ आधी वाढतात, हे शेंबडं पोरही सांगेल. पण हेरंब मोठ्या कामाचा माणूस. चिमूटभर मीठ काय, कधीही वाढता येईल, असा हिशोब करून त्यानं थेट भाताचं पातेलं उचललं. दामूअण्णा पहिल्या पानावर. ते "वाढा, वाढा" म्हणत राहिले आणि हेरंब वाढत राहिला. त्यांच्या पानावर भाताचा डोंगर झाला. पुढच्या पानावर दुसरा डोंगर. वरणाचं भांडं मागं तिष्ठत उभं, तूप त्याच्याही मागं.

टोकाला अक्कांनी हात वर केला. "बाळ, मीठ."

"आलोच अक्का! एवढी ओळ संपवतो."

ओळ संपली, मग वरण आलं, मग भाजी. अक्कांचा हात थोडा वेळ तसाच वर राहिला, मग खाली आला...

हेरंब मिठाची वाटी घेऊन धावत टोकाला पोचला, तेव्हा अक्कांनी पान दुमडलं होतं.

"विसरलो नव्हतो हं मी," तो घाईनं म्हणाला. "डोक्यात ठेवलं होतं."

अक्कांनी त्याचा हात हातात घेतला. वाटीतलं चिमूटभर मीठ उचललं, त्याच्या तळव्यावर ठेवलं आणि त्याची मूठ मिटवली.

"जेवण झाल्यावर मीठ घेऊन काय करू रे मी?"

मूठ मिटून हेरंब तिथंच उभा राहिला. पंगत उठली, शेण लावून झालं, तरी त्याचे पाय हलले नाहीत. मग एकदम वळला आणि राउटरच्या खोलीकडे गेला.

माणूस गर्विष्ठ होता, पण मठ्ठ नव्हता. ज्या साठवणीची तो फुशारकी मारत होता, ती त्यानं आखूड केली. प्रत्येकाला एका फेरीत एकच पळी, डोंगर कुणालाच नाही. ज्याचं मागणं फोनवरच्या शब्दाएवढं, चिमूटभर, त्याला आधी. रांगेत थांबून शिळं झालं ते टाकून द्यायचं. लाइन काठोकाठ भरायची सवयही मोडली, थोडी जागा रिकामी ठेवली. दामूअण्णांची कीर्तनं चढतच राहिली. त्यांना तर काही बदललंय याचा पत्ताही लागला नाही.

पुढच्या रविवारी जेवणं आटोपल्यावर फोन वाजला. थोड्याच वेळानं हेरंब ओसरीवर आला. अक्का वाती वळत होत्या. तो त्यांच्या समोर बसला.

"लाइन आरशासारखी झालीय, अक्का. तिकडं बशीवर चमचा ठेवला तरी इथं ऐकू येतं."

"मग?"

"जुई बोलत नाही."

अक्कांनी वात खाली ठेवली.

"इतके दिवस मला वाटायचं, लाइनच खराब आहे," तो म्हणाला. "आता लाइनीवर ढकलायचीही सोय उरली नाही. ती गप्प होती आणि तिचं गप्प बसणं मला स्वच्छ ऐकू येत होतं. शेवटी म्हणाली, 'ठीक आहे बाबा, बाय.' बास."

"काही म्हणालीच न्हाई?"

"सुरुवातीला म्हणाली होती, 'बाबा, एक सांगू?' म्हटलं, हो, आधी माझं ऐक. आठवडाभर साठवून ठेवलेलं असतं हो मी तिच्यासाठी! मठाच्या मांजरीला पिल्लं झाली ते सांगितलं. तिच्या शाळेचं विचारलं, दुधाचं विचारलं, मराठी वाचतेस का विचारलं. मी धाडलेला फ्रॉक तोकडा झाला का, आई वेळेवर घरी येते का, तिकडं थंडी किती... शहरातल्या घरातली तिची खोली मी अजून तशीच ठेवलीय, तेही सांगितलं. भिंतीवरची तिची चित्रं, ती लाल सायकल..."

बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. पण बोलणं थांबेना. साठलेलं सगळं एकामागून एक येतच राहिलं. सायकलीची घंटा, पावसाळी बूट, झोपताना ती हट्टानं ऐकायची ती गोष्ट...

अक्कांनी हात वर केला.

"थांबा अक्का, एवढं सांगून संपवतो. त्या गोष्टीत ना..."

हात तसाच वर होता.

हेरंबनं त्या हाताकडे पाहिलं... आणि त्याचे शब्द ओठातच राहिले.

अक्कांनी हात खाली घेतला.

"पोरीनं चिमूटभरच तर मागितलं होतं, बाळ," अक्का म्हणाल्या.