खानाच्या नमद्याला लाथा कोणाच्या?

खान पडला! आमू नदीकाठच्या सगळ्या सरदारांदेखत, भर दरबारात, धप्पदिशी ढुंगणावर पडला!

त्या मुलखात उझबेकांचा खान गादीवर बसतो तेव्हा मुकुट घालत नाहीत. पांढऱ्याशुभ्र नमद्यावर, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड गालिच्यावर, त्याला बसवतात, चार बडे सरदार चार टोकं धरतात आणि खानाला वर उचलतात. उचलला की झाला खान! जन्मात एकदा करायची गोष्ट. पण तुर्दी खानाला उचलून घ्यायची चटकच लागली. दर शुक्रवारी म्हणायचा, "उचला!" त्यात रोजचा अर्धा मेंढा पोटात. नमदा बिचारा किती सोसणार? फाटला टर्रकन!

"नमदा केला कोणी? आणा त्याला!" खान ओरडला.

नमदे करणारा म्हातारा कारागीर उस्ता हमराकुल आला. सरळ माणूस. हात जोडून म्हणाला, "हुजूर, माझ्या कामात कसूर नाही. तीन दिवस लाथा घातल्यात मी त्याला."

"लाथा?" खानाचे डोळे बाहेर आले. "माझ्या गादीला लाथा?"

आता बघा, नमदा काही मागावर विणत नाहीत. लोकर पिंजायची, चटईवर पसरायची, वर कढत पाणी शिंपडायचं, चटईसकट गुंडाळी करायची आणि लाथा मारमारून ती पुढेमागे लोळवायची. तेव्हा लोकर घट्ट बसते. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. पण खानाला कोण सांगणार? तो जन्मभर नमद्यावर बसलेला!

"ऐका!" खान गरजला. "शुक्रवारपर्यंत नवा नमदा पाहिजे. आणि माझ्या पायाहून हलका एकही पाय त्याला लागता कामा नये. लागला किंवा नमदा आला नाही, तर ह्या म्हाताऱ्याचे दोन्ही पाय तोडीन! तोवर टाका त्याला कोठडीत!"

म्हाताऱ्याची मुलगी आयदिन कोठडीच्या दाराशी धावली. बाप आत रडत होता.

"पोरी, लाथेशिवाय नमदा? पाण्याशिवाय पोहणं झालं हे! मला पांगळा करणार गं हे लोक."

"रडू नका, बाबा. लोकर कोणती घेऊ तेवढं सांगा."

"शरदात कातरलेली घे. पण लाथा कोण घालणार?"

"ज्याने हुकूम काढला तो!" आयदिन म्हणाली आणि तरातरा निघाली.

शुक्रवारी ती हजर झाली. बैलगाडीवर वासराएवढी जाड गुंडाळी. ती तिने राजवाड्याच्या अंगणात उतरवून घेतली. वर कढत पाणी ओतलं, वाफ निघाली, ओल्या मेंढीचा वास सुटला. सरदारांनी नाकाला रुमाल लावले.

"झाला नमदा?" खानाने विचारलं.

"झालाच म्हणायचा, हुजूर. शुक्रवारपर्यंत आला पाहिजे म्हणालात, आलाय! फक्त लाथा राहिल्यात. या!"

"कोण?"

"तुम्हीच! तुमच्या पायाहून हलका पाय लागू नये, तुमचाच हुकूम आहे. अख्ख्या मुलखात असे दोनच पाय आहेत, आणि दोन्ही तुमच्या बुडाला जोडलेत."

दरबारात कोणीतरी फिस्सकन हसलं. वजीर पुढे झाला. "ए पोरी, तोंड सांभाळ! हातांनी रेटता येत नाही?"

"हातांनी लोकरीची टोपी होते, वजीरसाहेब. खान बसतील असा नमदा होत नाही. गेल्या शुक्रवारी बघितलंत ना?"

"मग माझे सरदार घालतील लाथा," खान म्हणाला.

"चालेल की! म्हणजे त्यांचे पाय तुमच्या बरोबरीचे? आत्ताच तसं जाहीर करा, हुजूर, सगळे ऐकतायत."

चारी सरदारांनी कान टवकारले. एकाने तर मिशीला पीळही दिला. ते पाहून खान झटक्यात उठला.

"कोणी माझ्या बरोबरीचा नाही! सरका बाजूला!"

आणि घातली की त्याने लाथ! एक, दोन, दहा. पागोटं सुटलं. वीस. घामाच्या धारा. चाळिसाव्या लाथेला खान गुंडाळीवरच पालथा पडला.

"झालं?" त्याने धापा टाकत विचारलं.

"सुरुवात झाली, हुजूर. दुपारच्या नमाजापर्यंत ही बाजू, मग उलटून दुसरी. उद्या पुन्हा. परवा पुन्हा. बाबा साठीचे आहेत, ते वर गाणीही म्हणतात."

खान तसाच पडून राहिला. मग हळूच म्हणाला, "पोरी, चूक कळली मला. एवढ्या लाथा माझ्याने व्हायच्या नाहीत. पण खानाचा शब्द मागे घेता येत नाही. घेतला तर उद्या हे चौघे माझं ऐकणार नाहीत. शब्द सोडला तर मी गेलो, पाळला तर तुझ्या बापाचे पाय गेले. आता?"

"शब्द राहू द्या तसाच. मला एवढंच सांगा, आत्ता लोकरीला काय लागलं? तुमचा पाय?"

खानाने खाली पाहिलं. "पाय कुठला? माझा जोडा लागला."

"आणि तेवढ्याने हुकूम पाळला गेला ना?"

"गेला तर! माझाच जोडा तो!"

"मग तेच जोडे काढा आणि बाबांना घाला! आत पाय कोणाचा का असेना, नमद्याला लागेल तो खानाचा जोडा!"

मग खान असा हसला, असा हसला, की गुंडाळीवरून घसरून पुन्हा ढुंगणावरच पडला! पडल्या पडल्या त्याने दोन्ही जोडे ओढून काढले.

"आणा रे म्हाताऱ्याला! जोडे द्या! नुसते जोडे कसे देता? वर अंगरखा द्या, पागोटं द्या, डोक्यापासून पायापर्यंत शिरपाव द्या! पन्नास पांढऱ्या मेंढ्या द्या! आणि ह्या पोरीला घोडा द्या, चांगला धावणारा. लवकर घरी पोचवा हिला! अजून घटकाभर थांबली, तर माझं सिंहासनही म्हाताऱ्याच्या बुडाखाली घालेल!"