दोर धरणाऱ्याचा वाटा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचे नाव आज कोणालाच सांगता येत नाही. एवढेच ठाऊक आहे की राज्याच्या सीमेवर एक उभा काळा कडा होता आणि त्याच्या कपारींत दरवर्षी आग्या मधमाशांची मोठमोठी पोळी लागत.

कड्याच्या माथ्यावर मध काढणाऱ्यांची एक वाडी होती. तिथला मध राजवैद्याच्या औषधांना लागे आणि मेण देवळांतल्या दिव्यांना. वाडी लहान होती, पण तिच्या कामाची कीर्ती मोठी होती.

मध काढायला नेहमी दोघे जात. एक जण कमरेला अंबाडीचा जाड दोर बांधून कड्यावरून खाली उतरे, माशांना धुरी देई आणि पोळे कापी. दुसरा माथ्यावर पाय रोवून तो दोर धरी. दोर कोणी धरावा, याविषयी वाडीचा एक पक्का रिवाज होता. उतरणाऱ्याचा दोर त्याच्या बायकोच्या भावानेच धरायचा. वाडीतली म्हातारी माणसे याचे कारण सांगत. माणूस शेजाऱ्याशी भांडतो, वाटणीवरून सख्ख्या भावाशीही वैर धरतो. पण स्वतःच्या बहिणीचे कुंकू पुसायला त्याचा हात धजत नाही.

म्हणूनच खाली उतरलेला माणूस कधी वर पाहत नसे. त्याची नजर पोळ्यावर असे. दोराची काळजी वरच्याने करायची, हे ठरलेलेच होते.

हंगाम संपला की राजा प्रत्येक जोडीला बक्षीस देई. अट एवढीच, की दोघेही धडधाकट परतलेले असावेत आणि त्यांनी अळ्यांचा भाग कपारीतच राखलेला असावा, म्हणजे पुढच्या वर्षी माशा परत येतील. बक्षीस म्हणजे पावसाळ्याची बेगमी: तांदूळ, नाचणी, मीठ आणि एक नवा दोर. उतरणारा आणि दोर धरणारा ते निम्मे निम्मे वाटून घेत. पावसाळ्यात वाडीला दुसरे काम नसे. त्या बेगमीवरच चुली पेटत.

एका वर्षी राजाने नवा कारभारी नेमला. हा कारभारी दुष्ट नव्हता, हे आधीच सांगितले पाहिजे. तो कष्टाळू होता, आणि राजाचे धान्य वाया जाऊ नये, असे त्याला मनापासून वाटत असे. तो कडा पाहायला आला. एक माणूस जीव धोक्यात घालून मध कापतो आहे आणि दुसरा नुसता दोर धरून उभा आहे, असे त्याला दिसले.

तो म्हणाला, "मध एकाने काढायचा आणि बेगमी दोघांनी खायची, हा कुठला न्याय?"

हंगाम निम्मा झाला असताना त्याने दवंडी पिटवली. बक्षीस यापुढे जोडीला मिळणार नाही. जो सर्वांत जास्त मध काढील त्या एकट्याला मोठी बेगमी मिळेल, आणि बाकीच्यांनी रोजच्या मजुरीवर समाधान मानावे. मधाची मोजणी दवंडीच्या दिवसापासून नव्याने होईल.

वाडीत खळबळ उडाली. कोणी म्हणाले, राज्य सोडून जाऊ. कोणी म्हणाले, आता अळ्यांसकट सगळे पोळे कापू, मग पुढच्या वर्षी माशा येवोत की न येवोत. वाडीचा नाईक वयाने मोठा आणि बोलण्यात सावध होता. तो कारभाऱ्याकडे गेला आणि हात जोडून म्हणाला, की निदान हा हंगाम जुन्या शब्दावर पुरा होऊ द्यावा. कारभाऱ्याने त्याला बसायला पाट दिला, त्याचे सगळे ऐकून घेतले आणि सांगितले, की ज्याला बक्षीस हवे असेल त्याने दोर सोडून स्वतः उतरावे. कोणालाही मनाई नाही.

त्या वाडीत गोमा नावाचा एक मध काढणारा होता. त्याच्या बायकोचे नाव येसू. येसूचा धाकटा भाऊ लखमा गोमाचा दोर धरी. दोघांची जोडी वाडीत सर्वांत जुनी नव्हती, पण सर्वांत भरवशाची मानली जाई. लखमाच्या घरी नुकतेच मूल झाले होते. नव्या नियमाने बेगमीतले त्याच्या वाट्याला काहीच उरत नव्हते.

दोघांनी विचार करून ठरवले, की एक दिवस गोमाने उतरायचे आणि दुसऱ्या दिवशी लखमाने, आणि रिवाज बाजूला ठेवून लखमाचा दोर गोमाने धरायचा. ज्याला बक्षीस मिळेल त्याने ते दुसऱ्याबरोबर वाटून घ्यायचे. येसूला हे ऐकून बरे वाटले. पण असे करार वाडीत बऱ्याच घरांत झाले होते आणि ते कारभाऱ्याच्या कानावर गेले. जो बक्षीस वाटून घेईल त्याचे बक्षीस जप्त होईल, असे त्याने जाहीर केले. वाटून घेणे म्हणजे नियमाला बगल देणे, असे त्याचे म्हणणे होते. आणि नुसत्या नियमाकडे पाहिले, तर ते खोटेही नव्हते.

त्या दिवसापासून ज्याच्या हाती दोर, त्याचाच प्रतिस्पर्धी दोराच्या दुसऱ्या टोकाला लटकू लागला.

गोमा आणि लखमा दोघेही कसबी होते. थोड्याच दिवसांत इतर सगळे मागे पडले आणि बक्षिसाची चुरस या दोघांतच उरली. वाडीतल्या जिभा सैल सुटल्या. पाणवठ्यावर एक जण लखमाला म्हणाला, "दाजींना सावकाश ओढ रे बाबा. हात सुटला, तर बेगमी तुझीच." सगळे हसले. लखमाही हसला, पण घरी जाईपर्यंत ते हसू टिकले नाही. गोमाच्या कानावर तोच विनोद आला तेव्हा त्याने तो हसण्यावारी नेला. जेवणावरून मात्र तो अर्ध्यातच उठला.

मग एके दिवशी गोमाची पाळी आली.

वारा पडलेला होता. गोमा कड्याच्या पोटात पोहोचला. समोर सूपभर रुंदीचे पोळे होते. त्याने धुरीची पेंढी पुढे धरली, माशा बाजूला सरल्या, आणि त्याने सुरीची पात चालवली. तेवढ्यात वरून दोराला हिसका बसला.

असे हिसके पूर्वीही बसत. दोर एखाद्या धारदार कडेवर घासू लागला की लखमा तो उचलून बाजूला घेई. गोमाला हे माहीत होते. पूर्वी अशा वेळी त्याची पापणीही हलली नसती.

त्या दिवशी त्याने मान वर केली.

तेवढ्याने त्याचा हात ढळला. धुरीची पेंढी निसटून दरीत गेली आणि माशा त्याच्या तोंडावर आल्या. त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकले, तोल गेला, आणि तो झोक्यासारखा फिरून कड्यावर आदळला. गुडघ्याचे हाड मोडल्याचा आवाज वर माथ्यापर्यंत ऐकू आला. लखमाच्या तळहातांतून दोर सरकत गेला, कातडी सोलून निघाली, पण त्याने दोर सोडला नाही. ओरडून माणसे बोलावली आणि सगळ्यांनी मिळून गोमाला वर घेतले.

गोमाचा चेहरा सुजला होता. डोळे उघडत नव्हते. त्याने पहिला शब्द काढला तो हा: "दोर का ओढलास?"

"कड कापत होती, दाजी," लखमा म्हणाला.

भोवती उभी असलेली माणसे एकमेकांकडे पाहू लागली. लखमाने मुठी मिटून घेतल्या. सोललेले तळहात त्याने कोणालाही दाखवले नाहीत.

वाडी दोन तटांत विभागली. येसू दोन्ही तटांच्या मध्ये उभी होती: एकीकडे नवरा, दुसरीकडे भाऊ. ती कोणाशी भांडली नाही. तिने दोर तपासला. एका जागी त्याचे पेड खरोखरच कापले गेले होते. लखमाने तो हलवला नसता, तर तो तुटला असता. तिने दोराचा तो भाग गोमाच्या हातात दिला.

गोमाने बोटांनी तो बराच वेळ चाचपला. मग म्हणाला, "लखमाने मला वाचवले, हे खरे आहे. पण मला वर पाहावेसे वाटले, हेही खरे आहे. येसू, ते तू कसे सांधशील?"

हा प्रश्न नियम करणाऱ्यांनाच विचारायला हवा, हे येसूला त्या क्षणी कळले.

ती नाईकाकडे गेली. नाईकाने सगळ्यांना बोलावले, आणि वाडीने ठरवले की राजा आपले म्हणणे ऐकेपर्यंत कड्यावरून एकही दोर सोडायचा नाही. दिवस जाऊ लागले. पोळी मधाने जड झाली. राजवैद्याची मडकी रिकामी पडली. कारभाऱ्याने निरोप धाडला, की काम थांबवणाऱ्यांचा कड्यावरचा हक्क काढून घेतला जाईल आणि दुसरी माणसे आणली जातील. वाडीत बायका मुलांना उराशी धरून बसल्या, पण दोर कोणी उचलला नाही.

अखेर राजा स्वतः आला. सोबत कारभारी होता आणि कारभाऱ्याचा चिटणीस होता.

राजाने विचारले, "तुमची तक्रार काय आहे?"

नाईकाने येसूकडे पाहिले. येसू पुढे झाली. "महाराज, तक्रार सांगून कळणार नाही. एक विनंती आहे. कारभाऱ्यांनी एकदा दोरावर उतरून पाहावे."

माणसे चपापली. पण कारभारी भित्रा नव्हता. अंगरखा काढून त्याने कमरेला दोर बांधला आणि विचारले, "दोर कोण धरील?"

"आमची माणसे अजून दोर उचलणार नाहीत," येसू म्हणाली. "तुमचे चिटणीस धरतील. ते तुमच्या विश्वासातले आहेत ना?"

"दहा वर्षे माझ्याजवळ आहेत," कारभारी म्हणाला आणि कडेकडे निघाला.

तेव्हा येसू राजाकडे वळली. "महाराज, आता एवढेच जाहीर करा. कारभारी वर आले नाहीत, तर कारभार चिटणिसांना मिळेल. आणि आले, तर चिटणिसांना काहीही मिळणार नाही."

राजाने सावकाश, शब्दन् शब्द, ते तसेच जाहीर केले.

कारभारी कड्याच्या टोकावर पोहोचला होता. एक पाय खाली सोडायचा तेवढा उरला होता. तो थांबला. त्याने मागे वळून चिटणिसाकडे पाहिले.

खालून माशांची गुणगुण तेवढी ऐकू येत होती.

चिटणीस खाली वाकला आणि त्याने दोर जमिनीवर ठेवला. "महाराज, क्षमा असावी. साहेबांचे माझ्यावर उपकार आहेत. त्यांचे वाईट मी कधी चिंतलेले नाही. पण माझ्या हातून दोर सुटला, तर तो का सुटला हे मलाच सांगता येणार नाही. हा दोर मला धरता येत नाही."

राजाने कारभाऱ्याला विचारले, "तुम्ही मागे का पाहिलेत?"

कारभाऱ्याने कमरेची गाठ सोडली. तो म्हणाला, "ठाऊक नाही, महाराज. पाहिले गेले." मग गोमा जिथे बसला होता तिथे त्याची नजर गेली, आणि ती त्याने खाली वळवली.

"नियम करण्याचा अधिकार मला होता," तो हळू आवाजात म्हणाला.

"होता," राजा म्हणाला. "पण जुन्या शब्दावर सुरू झालेला हंगाम जुन्या शब्दावरच संपायला हवा होता. आणि बदल करण्याआधी दोर धरणाऱ्याला निदान विचारायला हवे होते, की तू नेमके काय करतोस."

त्याच दिवशी नवा नियम रद्द झाला. बक्षीस पुन्हा जोडीला मिळू लागले. यापुढे नियम बदलायचा असेल, तर तो हंगामापूर्वी आणि वाडीशी बोलूनच बदलावा, असे ठरले. कारभारी पदावर राहिला. पण त्यानंतर कुठलाही नियम करण्यापूर्वी तो त्या कामाच्या जागी जाऊन बसे.

येथे गोष्ट संपली असती, तर बरे झाले असते. पण राजाची आज्ञा नियम मागे घेऊ शकते. त्या नियमाने जे मोडले, ते आज्ञेने सांधत नाही. काही जोड्या पुन्हा कधीच एकत्र कड्यावर गेल्या नाहीत. गोमाचा गुडघा कायमचा ताठरला आणि त्याचे उतरणे संपले. पुढच्या हंगामात लखमा उतरू लागला. रिवाजाप्रमाणे त्याचा दोर त्याच्या बायकोच्या भावाने धरायचा, पण लखमा म्हणाला, "दोर दाजीच धरतील."

गोमाने ताठ पाय खडकाला टेकवला आणि दोर हातात घेतला. दोघांनाही एकमेकांवर विश्वास ठेवायचा होता, आणि दोघांनाही तो अजून पुरता जमत नव्हता. हे येसूने ओळखले. ती नवऱ्याच्या मागे बसली आणि दोराचे उरलेले टोक तिने आपल्या हाताला गुंडाळून घेतले. पूर्वी जे काम दोघांत होत असे, त्याला पुढे कितीतरी वर्षे तिघे लागले.

तात्पर्य: ज्यांनी एकमेकांचा जीव सांभाळायचा, त्यांना बक्षिसासाठी एकमेकांचे प्रतिस्पर्धी करू नये.