थांबण्याची जागा

एकदा एक वृद्ध साहित्यिक आपल्या शिष्याला घेऊन अमेरिकेच्या उत्तरेकडील एका लहान गावी कवितावाचनाला निघाला. आयुष्यभर त्याने कविता लिहिल्या, कथा-कादंबऱ्याही लिहिल्या. पण त्या देशात लेखकाचे नुसते लिहून भागत नाही. पुस्तक आले की गावोगावच्या ग्रंथालयांत जाऊन ते स्वतःच्या तोंडाने वाचून दाखवावे लागते. या फिरण्याने म्हातारा पार शिणला होता. बसमध्ये तो खिडकीला डोके टेकून बसला.

शिष्याला मात्र कधी एकदा पोहोचतो असे झाले होते. मध्यंतरानंतर त्यालाही वाचायचे होते, आणि ते त्याचे पहिलेच जाहीर वाचन. श्रोत्यांत एक प्रकाशक येणार होता. बरीच वर्षे धूळ खात पडलेल्या त्याच्या संग्रहाचे भवितव्य त्या संध्याकाळी ठरणार होते. वडील गेल्यावर लिहिलेली कविता त्याने निवडली होती. 'अंगणातला बर्फ तसाच राहिला' या ओळीनंतर थांबायचे, मान खाली घालायची, मग हळू आवाजात शेवट करायचा, हे त्याने आरशासमोर घोटून ठेवले होते. युक्ती गुरूकडूनच उचललेली. म्हातारा दिवंगत पत्नीवरची कविता वाचताना एका ओळीपाशी असा काही थांबे, की सभागृहात रुमाल निघत.

त्या संध्याकाळीही लोकांनी तीच कविता मागितली. म्हाताऱ्याने चष्मा लावला आणि वाण्याची यादी वाचावी तशी ती सपाट आवाजात, कुठेही न थांबता वाचून टाकली. टाळ्या पडल्या त्या शिष्टाचाराच्या. पहिल्या रांगेतल्या बाईंनी काढून ठेवलेला रुमाल पर्समध्ये परत ठेवला. गुरूनेच सभेचा रंग उतरवल्यावर आपले कोण ऐकणार, असे शिष्याला वाटले.

मध्यंतरात लोक कॉफीभोवती जमले, तेव्हा त्याने म्हाताऱ्याला पुस्तकांच्या कपाटाआड गाठले.

"सर, तब्येत बरी नाही का? तुम्ही त्या ओळीपाशी थांबलाच नाहीत."

"तब्येतीला काही झालेले नाही," म्हातारा खुर्चीत बसत म्हणाला. "पहिल्यांदा ती ओळ आली तेव्हा मला पुढे वाचवेना, म्हणून थांबलो. लोक रडले. पुढच्या गावी मुद्दाम थांबलो, तिथेही रडले. मग सवयच लागली. परवा असाच थांबलो असताना ध्यानात आले, मी रुमालांकडे बघतो आहे. बायको मनात नव्हतीच. तिचा चेहरा आठवायला गेलो, तर आठवेना. कथेतली माणसे मी रचली, हवी तशी नाचवली, त्याचे काही नाही. पण हिलाही मी गावोगाव नाचवले रे. त्या थांबण्याने फार दमलो आहे मी. पहिल्यांदा जिथे आपसूक अडलो, ते थांबणे खरे. तेच लोकांसाठी पुन्हा पुन्हा करत राहिलो, तर एक दिवस आपल्यापाशी काही उरत नाही."

तेवढ्यात शिष्याचे नाव पुकारले गेले.

तो वाचू लागला. बर्फाची ओळ आली, मान आपसूक खाली झुकू लागली. त्याने ती वर केली आणि तसाच पुढे गेला. पुढे एक साधी ओळ होती, दाराशी पडलेल्या बुटांची, एकाची नाडी सुटलेली. तालमीत ती त्याने कितीदा तरी सहज वाचली होती. आज तिथे त्याला पुढे वाचवेना. घशाला कोरड पडली असेल असे समजून कुणीतरी पाण्याचा पेला पुढे सरकवला. कविता संपली तेव्हा प्रकाशक कोट चढवून दाराकडे निघाला होता.

परतीच्या बसमध्ये शिष्याने कवितेचा कागद पुन्हा उघडला. मग म्हणाला, "सर, बाबांच्या पायाला सूज असायची. म्हणून ते एका बुटाची नाडी बांधत नसत. ते कारण मी विसरूनच गेलो होतो."

"कुठल्या पायाला?"

"डाव्या."

"मग ते अजून तुझ्यापाशी आहेत," म्हातारा म्हणाला आणि त्याने खिडकीला डोके टेकून डोळे मिटले. तो झोपलेला नाही, कुणाचा तरी चेहरा आठवू पाहतो आहे, हे शिष्याला न सांगता कळले. संग्रहाचा विषय त्याने काढलाच नाही.