थांबणारी गाडी

यंत्रं आपापसात बोलत असत, त्या दिवसांतली ही गोष्ट. एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मृण्मयी, ओजस आणि वेदांग या तिघांनी प्रोजेक्टसाठी छोटी गाडी बनवली होती. वाटेत काही आलं की ती आपोआप थांबे. दिवाळीच्या सुट्टीत तिघांपैकी वेदांग वारला. तेव्हापासून गाडी त्याच्या रिकाम्या स्टुलापुढे येऊन थांबू लागली.

मृण्मयीने तीनदा सेन्सर बदलला. गाडी तिथेच थांबली.

"उद्या परीक्षकांसमोर थांबली, तर हिचे भाग सुटे करून खोक्यात टाकू," ओजस म्हणाला.

दोघं जेवायला गेल्यावर टेबलावरचा, सेन्सर तपासायला जोडलेला म्हातारा मीटर गाडीला म्हणाला, "बये, वाट मोकळी आहे असं सांग आणि सूट. माझा काटा हलत नाही, म्हणजे तिथं कुणी नाही."

"पाय आहेत," गाडी म्हणाली. "मी पायांवरून जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. गाडी स्टुलाजवळ पोचली. वेदांग नेहमी पाय पसरून बसायचा आणि मृण्मयी रोज त्याला रागवायची. आजही सवयीने ती पुटपुटली, "पाय घे रे वर."

गाडी न थांबता पुढे गेली.

परीक्षक गेल्यावर मीटर हसला. "पटलं ना एकदाचं, तिथं कुणी नाही ते?"

"नाही," गाडी म्हणाली. "इतके दिवस त्याला कुणी सांगितलंच नव्हतं."