दहा वेळा तेच गणित

"मग आता अजून काय तपासायचं राहिलं, काका?" निशिगंधाने विचारलं.

 देवमनकाका कूलरकडे बघत होते.

अकोल्यातला मे महिना, दुपारचे दोन, डोक्यावर टिनपत्रे. अशा वेळी माणूस कूलरपुढून हलत नाही. पण निशिगंधाने आपल्या खोलीतला एकुलता एक कूलर कॉम्प्युटरपुढे लावला होता. कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून भिंतीला टेकवलेलं आणि आत वाळ्याचा गार वारा भसाभस जातोय. काका आणि ती घामाने निथळत होते, अन प्रोसेसर तेवढा मांडवातल्या व्याह्यासारखा गारव्यात बसला होता.

तायड्यांची ही पोर हुशार. त्याबद्दल गल्लीत कोणाचं दुमत नव्हतं, आणि तिचं स्वतःचं तर अजिबात नव्हतं.

नदीला मोठा पूर आला तर काठच्या सोनखेड गावात कोणत्या घरात किती पाणी चढेल, हे गणिताने सांगायचं, असा तिचा प्रबंध. पाच वर्षं त्यात घातली. लग्नाची दोन स्थळं त्यापायी परत गेली. मार्गदर्शक बाईंनी दोनदा मुदत वाढवून दिली, तिसऱ्यांदा हात वर केले. दहा दिवसांत प्रबंध जमा झाला नाही, तर नाव रद्द आणि पाच वर्षं पाण्यात.

शेवटचं मोठं गणित तेवढं बाकी होतं. ते सोडवायला तिच्या कॉम्प्युटरला अकरा दिवस लागणार होते.

म्हणून हा खटाटोप. कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त पळवायचा, त्याला ओव्हरक्लॉक म्हणतात. थोडा वेग वाढवायचा, तो सोसावा म्हणून थोडं व्होल्टेज वाढवायचं, परत वेग. तिने आयुष्यात पहिल्यांदाच हे केलं होतं, तेही व्हिडिओ बघून. काल रात्री उशिरा आकडा असा जमला की अकरा दिवसांचं काम नऊ दिवसांत होणार होतं. आईला तिने उठवून सांगितलं होतं. आईला कळलं काहीच नाही, पण तिने देवापुढे साखर ठेवली.

देवमनकाका पूर्वी कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचे. फॅक्टरी बंद पडली, तेव्हा पन्नाशीत कॉम्प्युटर शिकले. वेग वाढवायच्या नादाला लागलेली शहरातली पोरं-पोरी शेवटी त्यांनाच बोलावून न्यायची. काका कोणाच्या मशीनला हात लावत नसत. त्यांची रीत एकच. ज्याचं काम असेल त्यालाच त्या कामातला एक लहान तुकडा काढायला लावायचे, तोच दहा वेळा सोडवायला लावायचे, आणि दरवेळी उत्तर आपल्या हाताने कागदावर लिहायचं. पोरं मागून हसायची. निशिगंधाही हसली होती.

तरी सकाळी तिने दहा वेळा ते केलं होतं. सोनखेडचा एक कोपरा, बारा घरं. दहाही वेळा उत्तरं तीच.

म्हणून तर तिने विचारलं, की आता राहिलं काय.

काका उठले आणि त्यांनी कूलरचं बटण बंद केलं.

"काका..."

"नऊ दिवस याच्या टाकीत पाणी कोण भरन?"

"मी भरीन. रात्री उठून भरीन."

"अन लाइट गेली तं?"

 कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालला असता. कूलर त्याच्यावर चालत नव्हता, हे तिला माहीत होतं.

काकांनी भिंतीला टेकवलेलं झाकण उचलून तिच्या हातात दिलं. तिने ते कॅबिनेटला लावलं, चारही स्क्रू आवळले. मग त्यांनी जुन्या कॅलेंडरचं पाठकोरं पान काढून तिच्यापुढे सरकवलं.

तिने पहिलं गणित लावलं.

खोलीत कॅबिनेटच्या पंख्यांची घरघर तेवढी राहिली. पडद्याच्या कोपऱ्यात तापमान दिसत होतं. सकाळी ते साठाच्या वर गेलं नव्हतं. आता बाहत्तर. बारा आकडे लिहून झाले. दुसऱ्या वेळी एकोणऐंशी. तिसऱ्या वेळी चौऱ्याऐंशी...

काका टिनाच्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. झोपले की काय, असं तिला वाटलं. पण तिने पेन खाली ठेवलं की त्यांच्या पापण्या हलायच्या.

सहाव्या वेळी नव्वद. शंभराला प्रोसेसर आपण होऊन बंद पडतो, हे तिने वाचलेलं होतं. बंद पडला तर सगळंच संपलं. तिने नकळत झाकणावर तळहात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

सातव्या वेळी ब्याण्णव. हातातला घाम कागदावर उतरला, आकडे फिसकटले. ती लिहीत राहिली.

आठ. नऊ. चौऱ्याण्णव...

दहा.

मशीन चालूच होतं.  "बघा काका, बंद नाही पडलं."

"वाच."

ती वाचू लागली. रांगेमागून रांग, तेच बारा आकडे. आवाजात ऐट आली. सातव्या रांगेत मात्र तिची जीभ अडखळली. अकरावं घर. बाकी नऊ वेळा त्या घरात चौऱ्याऐंशी सेंटीमीटर पाणी होतं. सातव्या वेळी सत्तर.

लिहिताना चुकलं असेल, म्हणून तिने मशीनमधली सातवी फाइल उघडली. तिथेही सत्तर.

"पण ते थांबलं नाही ना, काका. चूक झाली असती तर बंद पडलं असतं."

"बंद पडलं असतं तं बरं झालं असतं व, बाई."

मग बराच वेळ ती बोलत होती. एकशे वीस आकड्यांत एक चुकला. वेग दोन पायऱ्या खाली आणला तर उत्तर बरोबर येईल, हेही तिनेच सांगितलं, आणि मग काम साडेदहा दिवसांवर जातं, हेही तिनेच बोटं मोजत सांगितलं. साडेदहा. मुदत दहाची. मार्गदर्शक बाई फोन उचलत नाहीत. चौदा सेंटीमीटर म्हणजे वीतभरही नाही. चारशे घरांच्या गावात परीक्षक एकेका घराचा आकडा थोडेच बघत बसणार आहेत.

काकांनी ऐकून घेतलं.  

कूलर तसाच बंद. दोघांच्या मधे ते पाठकोरं पान.

तिने खुर्ची ओढली, मोठं गणित पडद्यावर आणलं आणि सुरू करायच्या बटणावर बोट नेलं. बोट तिथेच राहिलं.

"लावू का, काका?"

"लाव."

तिने चमकून वर बघितलं. रागावतील, नाही म्हणतील, असंच तिला वाटलं होतं. नाही म्हणाले असते तर भांडता आलं असतं.

काका उठले. खिळ्याला टांगलेला मोजायचा लोखंडी टेप काढून त्यांनी तिच्या हाताशी, कीबोर्डावर ठेवला.

"लाव. पण पहिले सोनखेडले जाय, त्या अकराव्या घराच्या उंबरठ्यावर सत्तर अन चौऱ्याऐंशी मोजून बघ... अन घरात कोण कोण झोपते, तेही इचारून ये."