तांबड्याच्या डोळ्यांवरची झापड

डोंगरांना अजून नावं मिळाली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका राज्यात अग्निव्याळ राहत. पंख शिडांएवढे, तोंडात आग! प्रत्येक व्याळाला एक माणूस सोबती असे. दोघं मिळून आकाशातून राज्य राखत.

पण एक रीत होती. उडताना व्याळाच्या डोळ्यांवर चामड्याची झापड बांधायची. सोबत्याने लगाम ओढायचा, व्याळाने वळायचं. "आग दिसली की व्याळ पिसाळतो," असं सगळे सांगत. पिसाळलेला व्याळ कुणी पाहिला होता? कुणीच नाही! झापड बांधायला मात्र कुणी विसरत नसे.

एका चैत्रात व्याळांच्या गडासमोरच्या डोंगराला वणवा लागला. माथ्यावरच्या पाड्यात चाळीस माणसं अडकली. त्यांत सगुणाची थोरली बहीण होती, तान्ह्या लेकरासकट. सगुणा व्याळदलातली सर्वांत तरुण सोबतीण. तिने आपल्या तांबड्यावर मांड ठोकली आणि दोघं झेपावले.

पण धूर असा, की स्वतःचा हात दिसेना. तिने लगाम डावीकडे ओढला, तर कडा खांद्याला घासून गेला. उजवीकडे ओढला, तर जळत्या झाडाचा शेंडा पंखाला लागला. अखेर ती गडावर परतली.

"मला काही दिसत नाही रे!" ती रडकुंडीला आली.

"तुला दिसत नाही, आणि मला तुम्ही बघू देत नाही," तांबड्या फुरफुरला. "छान जोडी आहे आपली! अगं बाई, मी आगीत जन्मलो. धुरातून मला आरपार दिसतं."

"मग हे आजवर बोलला का नाहीस?"

"विचारलंस कधी?"

सगुणाने झापडीच्या गाठीला हात घातला. तोच दलाचे म्हातारे नाईक धावत आले. "पोरी, थांब! रीत मोडलीस तर व्याळ काढून घेईन!"

"घ्या, नाईककाका. आधी माणसं खाली आणते."

तिने गाठ तोडली, लगाम सोडला आणि तांबड्याच्या मानेला मिठी मारली.

"घट्ट धर," तो म्हणाला, "आणि कानात किंचाळू नकोस!"

काय ती झेप! दोन कड्यांमधून तो तिरका शिरला, ज्वाळांवरून सुळकन निसटला आणि थेट पाड्याच्या अंगणात उतरला. पहिल्या फेरीत लेकुरवाळ्या बाया खाली आल्या. बहिणीने सगुणाला नुसतं कवटाळलं.

दुसऱ्या फेरीला सगुणाच्या शेजारून मोठे पंख सळसळले. नाईक! त्यांच्या म्हाताऱ्या व्याळाच्या डोळ्यांवर काही नव्हतं. तो आगीकडे शांतपणे बघत होता.

"तीस वर्षं हा मुलूख राखतोय, नाईक," तो म्हणाला, "पण वरून आज पहिल्यांदा पाहिला."

 नाईकांनी हातातला लगाम सोडून दिला.

सूर्य मावळण्याआधी चाळीसही माणसं खाली होती. सगुणाचा व्याळ कुणी काढून घेतला नाही, आणि त्या राज्यात पुन्हा कोणताही व्याळ आंधळा उडाला नाही.

बोध: ज्याच्या पंखांवर जीव सोपवता, त्याच्या डोळ्यांवरही विश्वास ठेवा.