डिंगो मॅक्रेचे ओरखडे

"ओरखडे कुठे गेले? माझे ओरखडे कुठे गेले?"

खंडेनवमीच्या सकाळी चिंचणगडाचे राजे उधोजीराव असे किंचाळले, की पूजा सांगणारे भटजी मंत्र विसरले. देवघरात तलवारी, भाले, ढाली ओळीने मांडल्या होत्या. महाराजांचं तिकडे लक्षच नव्हतं. तलवारींच्या शेजारी, झेंडूची माळ घालून आणि हळदीकुंकू लावून, एक लाल इलेक्ट्रिक गिटार आरशासारखी चकाकत होती.

ही गिटार म्हणजे काही जत्रेतली पिपाणी नव्हे! सातासमुद्रापलीकडचा नामांकित रॉक गिटारवाला डिंगो मॅक्रे तिच्यावर जन्मभर वाजवत आला होता. वाजवताना तो उड्या मारी, गरगर फिरे, आणि त्याच्या पट्ट्याच्या बकलाने नि बोटांतल्या अंगठ्यांनी गिटार पुढून-मागून खरचटून निघे. डिंगो वारला, गिटारीचा लिलाव झाला, आणि नदीवरच्या पुलासाठी ठेवलेला पैसा उचलून महाराजांनी ती घेतली. नुसती गिटार कुठेही मिळाली असती. किंमत होती ती ओरखड्यांची! महाराजांनी ती एकदाही वाजवली नव्हती. वाजवणार तरी कशी? राज्यात विजेचे खांब आले होते, तारा यायच्या होत्या. गिटार काचेच्या कपाटात असे, आणि जेवण झालं की महाराज सुपारी चघळत ओरखडे न्याहाळत बसत.

आता ह्यात म्हादबा फरासाचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. खंडेनवमीला गडावरची प्रत्येक वस्तू घासूनपुसून पूजेला मांडायची, हे त्याच्या बापजाद्यांपासूनचं काम. कपाटातली गिटार खरचटलेली दिसली, म्हणून बिचाऱ्याने काचकागदाने घासून तिला चांगलं पॉलिश मारलं.

"सरकार, लई खरचटलं व्हतं जी," तो हात जोडून म्हणाला. "पावणं म्हणत्याल, राजाच्या घरी धड वस्तू न्हाई. म्हणून नवी केली."

"नवी केली!" महाराजांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे गाढवा, उद्या दसऱ्याचा दरबार! सगळे मानकरी ओरखडे बघायला येणार! ऐक. उद्या ह्या गिटारीवर ओरखडे दिसले पाहिजेत. होते तिथेच! खिळ्याने ओढलेले चालणार नाहीत. जगप्रसिद्ध माणसाच्या हातचे आणि वाजवताना पडलेले हवेत! नाही तर तू आणि तुझं घरदार गडाबाहेर!"

"पण महाराज, तो डिंगो तर मातीत गेला," प्रधान नारोपंतांनी हळूच सुचवलं.

"ते म्हादबाने बघावं!"

म्हादबा घरी येऊन भिंतीला टेकून बसला. बायको डोळे पुसत भांडी बांधू लागली. मुलगी सगुणा मात्र रडली नाही. तिला राग आला. जन्मभर गड चकाचक ठेवणाऱ्या आपल्या बापाला गाढव म्हणतात म्हणजे काय!

"आबा, वाजवताना पडलेलंच पायजेत, असंच म्हणालं का सरकार?"

"व्हय गं पोरी."

"मग आये, भांडी सोड. आन आबा, गिटार उद्या मी घिऊन जाणार."

दुसऱ्या दिवशी दरबार खच्चून भरला. सगुणेने गिटार आणून ठेवली. एकही चरा नाही!

"कुठे आहेत ओरखडे?" महाराज गरजले.

"पाडते की, सरकार! पर व्हतं तिथंच पाडायचं, तर तो डिंगो गिटार कशी धरायचा ते कळाया हवं. प्रधानजींस्नी इचारलं, त्यास्नी ठावं न्हाई. आख्ख्या गडावर जाणकार एकलं सरकारच!"

महाराजांची छाती फुगली. ते सिंहासनावरून खाली उतरले आणि त्यांनी गिटार गळ्यात अडकवली. दसऱ्याचा पोशाख होता. कमरेला हिऱ्यांचा कमरपट्टा, दहाही बोटांत अंगठ्या!

"ही अशी धरायचा. पार कमरेवर!"

"आन वाजवायचा कसा?"

"असा! हात गरगर फिरवून!"

"उड्या बी मारायचा म्हणं?"

"मग! ह्या बघ, अशा! आणि अशा!"

गिटारीतून डास गुणगुणावा इतकाच आवाज निघत होता, पण महाराजांना त्याची फिकीर नव्हती. मुकुट घरंगळत गेला तरी ते थांबेनात. हसावं की नमस्कार करावा, हे मानकऱ्यांना कळेना. शेवटी नारोपंतांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा सगळ्यांनीच वाजवल्या.

"बास, सरकार!" सगुणेने गिटार घेतली आणि दरबाराला दाखवली. पाठीवर कमरपट्ट्याचे ओरखडे, पुढे अंगठ्यांचे! "घ्या. व्हतं तिथंच, आन वाजवताना पडल्यालं!"

महाराज चपापले. "अगं, पण हे माझे ओरखडे! मी जगप्रसिद्ध माणसाच्या हातचे मागितले होते!"

सगुणेने वाकून मुजरा केला.

"मग सरकारांनी समद्यांदेखत सांगावं, की सरकारांपरीस डिंगो मोठा. तसं सांगितलं, की आमी आत्ता गड सोडतो. प्रधानजी, तुमी सांगा, मोठं कोण? डिंगो का आमचं महाराज?"

नारोपंत लगबगीने पुढे आले. "हा काय प्रश्न झाला? महाराज! अर्थात महाराज!"

"महाराज! महाराज!" मानकरी एकमेकांच्या वरताण ओरडले.

"मग डिंगोनं खरचटल्याली गिटार भारी, का महाराजांनी खरचटल्याली? सरकारच सांगत्याल ती किंमत!"

महाराजांनी ओरखड्यांकडे पाहिलं. 'डिंगोची' म्हणावं तर भर दरबारात नाक कापलं जातं, 'माझी' म्हणावं तर हुकूम पुरा होतो! त्यांच्या मिशा थरथरल्या, मग पोट हललं, आणि मग ते असे खदाखदा हसत सुटले, की मानकऱ्यांनाही एकदाचं हसायला मिळालं.

"पोरी, जिंकलीस!" त्यांनी कमरपट्टा सोडून सगुणेच्या हातात ठेवला. म्हादबाला शेला-पागोटं दिलं आणि दटावलं, "पॉलिशचा डबा आजपासून माझ्या खोलीत राहील!"

दरबार संपला असं समजून मानकरी उठू लागले. महाराजांनी गिटार पुन्हा गळ्यात अडकवली.

"बसा, बसा! अजून दुसरं गाणं राहिलंय!"